नव्या धनुष्याचं माप

३ ऑक्टोबर, शुक्रवार
ठरलं. जुनं धनुष्य काढून नवं घ्यायचं की नाही, याचा निकाल याच महिन्यात लावायचा. जुनं मी इथल्या जुफैरच्या नौदल तळावरच्या एका अमेरिकनाकडून घेतलं होतं. शिकारीचं आहे. बहरीनमध्ये शिकार मफी, म्हणजे नाहीच, पण माणसाची तयारी हवी. नवं म्हणजे काय चीज आहे! त्याला कप्प्या असतात, पूर्ण ओढलं की हातावरचं वजन जवळजवळ नाहीसं. मग हवं तेवढं धरून उभे राहा.
तिरंदाजी क्लबचा लतीफ धनुष्यं मागवतो. म्हणाला, ऑर्डरसाठी माप लागेल, व्हॅलेरियनभाऊ. दोन्ही हात पसरून उभं राहायचं, दुसऱ्याने टेप धरायची. बायकोला सांगेन.
ता. क. बायकोला, म्हणजे बेनिटाला, डब्लिनच्या हॉस्पिटलातून नर्सची ऑफर आलीय. मी बरोबर येणार का, ते तिला तिकडे कळवायचंय. बघू म्हटलं. एका वेळी एकच निर्णय, हे माझं तत्त्व.

१० ऑक्टोबर, शुक्रवार, मिस्सानंतर
जनाबियाला क्लबवर. निशाण्याचं फोमचं रानडुक्कर आजही वाचलं. दोष धनुष्याचा, उघड आहे. लतीफ मागून ओरडला, अहो सोडा की आता, किती वेळ धरताय! जास्त धरलं की हात थरथरतो म्हणे. माझा अजिबात थरथरत नाही.
(आजचं अक्षर खराब आलंय. पेन बदलणे.)

२१ ऑक्टोबर, मंगळवार
ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या वॉरनने विचारलं, नव्या धनुष्याने मारणार काय, उंट?
बेनिटा ड्यूटीवरून आली ती टेप घेऊनच. म्हणाली, चल, तुझं माप एकदाचं घेऊन टाकते, मग तरी डब्लिनचं बोलशील. मी म्हटलं, आत्ता नको, जेवल्यावर माप चुकतं.
पोरगी, सॅब्रिना, मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, पप्पा, जस्ट से येस ऑर नो. म्हटलं, बघू. बेनिटा म्हणाली, आपल्या घरात बघू म्हणजे मफी.
राग यायला हवा होता. आला नाही. हल्ली काहीच येत नाही. उद्यापासून पहाटे पुशअप्स.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पुशअप्स सोमवारपासून.
जुनं काढावं तर त्यावर हात बसलाय. नवं घ्यावं तर जुन्याचं काय? शिवाय डब्लिनला धनुष्य नेता येतं का, हे कोणालाच धड माहीत नाही. म्हणून डब्लिनचाही निर्णय अडकलाय. बेनिटाला हे नीट समजावलं. ती कपडे वाळत घालायला गेली. पटलं असावं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
अपघात. हॉलमध्ये धनुष्य ओढून उभा होतो, बाण न लावता. नुसतं धरायला बरं वाटतं. बेनिटा किचनमधून म्हणाली, डब्लिनला कळवलं. दोनच नावं दिली, माझं आणि सॅब्रिनाचं.
बोटं सुटली. बाण नसताना दोरी सोडायची नाही, हे क्लबवर पहिल्याच दिवशी शिकवतात. धनुष्य वरच्या टोकाला तडकलं. आवाजाने शेजारची झोहरा धावत आली. बेनिटाने विचारलं, लागलं का रे? म्हटलं, नाही. खरंच नाही, हात तेवढा बधिर झालाय.
एक बरं झालं. नव्या धनुष्याचा निर्णय आपोआप झाला.

३ जानेवारी, शनिवार
एअरपोर्ट. खलास. सॅब्रिना खूप रडली. मीही रडणार होतो, पण गाडी चुकीच्या जागी लावली होती, त्या घाईत राहून गेलं. बेनिटाने फ्रीजमध्ये डबे भरून ठेवलेत. आजपासून पुशअप्स.

९ जानेवारी, शुक्रवार
ऑर्डर द्यायला लतीफला फोन केला. तो सुट्टीवर, रत्नागिरीला. म्हणाला, माप पाठवा, इथूनच ऑर्डर टाकतो. वहिनींना सांगा टेप धरायला, दोन मिनिटांचं काम. म्हटलं, हो हो, आहे ना घरात.
टेप तिच्या ड्रॉवरमध्येच होती. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरले. एक टोक बोटात धरलं की दुसरं खाली पडतं. सेलोटेपने भिंतीला चिकटवलं, तेही निघालं. मग टेप सोडून दिली आणि तसाच हात पसरून उभा राहिलो.
लतीफचा मेसेज आला, झालं का माप?
लिहिलं, बघू.