मारियामातेच्या गालाचा उंचवटा

३ मार्च

ती. काकांस,
सा. न. तुम्ही काचेचे तुकडे जडवून केलेलं आत्याकडचं मारियामातेचं चित्र दुरुस्तीसाठी सध्या माझ्या कामाच्या टेबलावर आहे. बाळ येशूच्या पायाचे चार तुकडे निखळलेत. तिळाहून बारीक काच! चिमटा धरताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. भिंगाखाली तुमचं काम बघताना मान अवघडते, तरी उठवत नाही.

पण एक कोडं पडलंय. तुमच्या जडावावरून पाण्याचा थेंब सोडला तर कुठे अडत नाही, असं सगळे सांगतात. इथे मात्र मातेचा हात, गाल आणि बाळाचं डोकं चक्क तांदळाच्या दाण्याएवढं वर आलंय. शिवाय दगडी चौकटीवरच्या कोरीव वेलीतून एक खाच सरळ मातेच्या हातापाशी जाते. नक्षीशी तिचा काही संबंध नाही. काका, त्या दिवशी डुलकी लागली होती की काय? आमचे साहेब म्हणतात, दोष आहे, गुरुवारी घासून सपाट कर. करू ना?

गुडघ्यांना जपा आणि माझ्यावर रागावू नका.
तुमची,
ठिपकी

६ मार्च

चि. ठिपकीस,
अनेक आशीर्वाद. घासायचं सामान आधी कपाटात ठेव, मग पुढचं वाच.

तुझ्या आत्याला दिसत नाही हे आज सगळ्यांना माहीत आहे. हे चित्र केलं तेव्हा तिची नजर नुकती जायला लागली होती आणि तिने फक्त मला सांगितलं होतं. शिवणशाळेत कळलं असतं तर नोकरी गेली असती. प्रार्थनेला बसलं की मातेचा चेहरा पुसट होतो म्हणून फार रडली. मग मी बोटांना दिसेल अशी माता केली. खाचेतून बोट वर नेलं की हात लागतो, हातावरून बाळ, मग गाल.

आमच्या मुख्य कारागिरांनी ती पाहिली आणि माझा हात बिघडला असं ठरवून चर्चमधल्या मोठ्या वेदीचं काम दुसऱ्याला दिलं. कारण सांगितलं असतं तर तिचं गुपित फुटलं असतं. गप्प बसलो. तिला यातलं काही ठाऊक नाही. तूही तिच्याजवळ बोलू नकोस.

जेवत जा वेळेवर.
तुझा,
काका

१९ मार्च

ती. काकांस,
सा. न. एवढी वर्षं आत्याला त्या चित्रावर बोटं फिरवताना बघतेय आणि मला काही उमगलं नाही! साहेबांना कारण सांगितलं. त्यांनी डोळे मिटून स्वतः बोट फिरवलं आणि घासायचं नाव काढलं नाही.

आज चित्र आत्याला दिलं. बाळाच्या पायाशी थांबून ती म्हणाली, यातला एक तुकडा तिरका बसलाय. खरंच बसलाय, भिंगातून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी तिच्याजवळ काही बोलले नाही, शपथ. तीच बोलली. वेदीचं काम तुमच्या हातून का गेलं, ते तिला त्याच आठवड्यात कळलं होतं. तुमच्याकडे यायला निघाली, पण तुम्ही आत शीळ घालत काम करत होता. दारातूनच परत फिरली.

आता तिचा निरोप, तिच्याच शब्दांत लिहायचा हुकूम आहे: मातेचं नाक जाड झालंय. सव्वीस वर्षं सांगितलं नाही, कारण तू लगेच दुरुस्त करायला बसला असतास. रविवारी ये. तू म्हातारा झालास असं सगळे म्हणतात. मला एकदा बघू दे.

वाट पाहतोय दोघी.
ठिपकी