मामाची जागा मागं

३ फेब्रुवारी
भाची दीपमालाचं लग्न ठरलं. अकरा तारखेला, दुपारी, निंबर्ग्याला. अक्षता पडताना नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं असतं, फेटा बांधून, हातात लिंबू टोचलेली कट्यार घेऊन. मामा दोन. मी थोरला, त्यामुळं प्रश्नच येत नाही. धाकटा धनराज म्हणतो, येतो. फोनवर बराच वाद झाला. शेवटी नवरीची आई, म्हणजे आमची सुभद्राक्का, वैतागली. जो आधी पोचेल तो उभा राहील, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

उत्तम. माझ्याकडं नवा फोन, त्यात मॅप. धनराजकडं आमच्या वडिलांचा, अप्पांचा, कागदी नकाशा, कलबुर्गीला गुलबर्गा म्हणत त्या काळातला. घड्या घालून घालून नेमकं निंबर्ग्याच्या वाटेवरच्या आळंदच्या जागी भोक पडलंय.

५ फेब्रुवारी
निश्चय. कुणालाही रस्ता विचारायचा नाही. मॅप सांगेल तसंच जायचं. आणि गाडी मागं घ्यायची नाही. (गेल्या वर्षी मागं घेताना गोठ्याची भिंत पडली, पण ती आधीच कच्ची होती.)

६ फेब्रुवारी
सराव केला. भालकीहून घरी येताना मॅपला 'चिंचोळी' सांगितलं. हुमनाबाद आलं तेव्हा कळलं की मॅप आमच्या खटकचिंचोळीला नाही, कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीला निघाला होता. यात मॅपची चूक नाही. लोकांनी गावांना वेगवेगळी नावं द्यायला पाहिजेत. हुमनाबादला चहा प्यायचाच होता.

बायको, शोभा, म्हणाली, जन्म गेला या गावात, घरची वाट मोबाइलला कामून विचारायलाव? मी फोन चार्जिंगला लावला.

९ फेब्रुवारी
धनराज येऊन गेला. नकाशाला रेंज लागत नाही, बॅटरी लागत नाही, असं बरंच बोलला. मी म्हणालो, आळंद दाखव. त्यानं भोकात बोट घातलं आणि नकाशाची घडी करायला लागला. रात्री छान झोप लागली.

११ फेब्रुवारी, सकाळी
निघालो. फेटा घरीच बांधून घेतला, तेवढाच वेळ वाचतो. फेटा गाडीच्या टपाला लागतो म्हणून मान तिरकी. शोभा शेजारी, कट्यार मागच्या सीटवर. मॅपमधल्या बाईचा आवाज फार गोड आहे.

बसवकल्याणच्या पुढं
बाई म्हणाली, उजवीकडं वळा. शोभा म्हणाली, सगळ्या बसा सरळ जायल्यात. बसला मॅप कुठं असतो? वळलो.

थोड्या वेळानं
समोर उसाची ट्रॉली उभी. हलेल.

अजून तिथंच
मागंही ट्रॉली आली. दोन्ही बाजूंना पाण्याची चारी. मॅपवर रस्ता निळा, म्हणजे मोकळा आहे. ट्रॉल्याच चुकल्या असणार.

शोभानं उतरून पुढच्या ड्रायव्हरला कन्नडात विचारलं. निश्चय तिनं मोडला, मी नाही. हा म्हणे साखर कारखान्याचा रस्ता आणि ही वजनकाट्याची रांग. तो कालपासून उभा आहे. बाहेर पडायचं तर काट्यावरूनच. वर त्यानं माझ्या फेट्याकडं बघून विचारलं, नवरदेवाचं लग्न कधी आहे?

दुपार व्हायला आली
आनंदाची बातमी. मागं ओळखीचा हॉर्न वाजला. धनराजची जीप. अप्पांच्या नकाशात हाच रस्ता जवळचा आहे, कारण तेव्हा कारखानाच नव्हता. कागदावर विसंबणाऱ्यांचं असं होतं. तो माझ्या दोन ट्रॉल्या मागं आहे, म्हणजे मी पुढं, म्हणजे नियमानं मीच उभा राहणार. चालत जाऊन त्याला तसं सांगून आलो. तो नकाशानं वारा घेत होता.

लगेच नंतर
सुभद्राक्काचा फोन. भटजी विचारतायत, मामा कुठंय? मी म्हणालो, वाटेतच आहे, हा काय आलोच. फोन ठेवला. या पोरीला मी खांद्यावर बसवून जत्रेतला पाळणा दाखवलाय. मागं कुणी नसताना ती अक्षता घेणार?

शोभा माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "तुमी बसा तुमच्या त्या बाईपाशी. फेटा तेवढा काढून द्या."

दिला. कट्यारही तिनंच घेतली. बांधाबांधानं डांबरी सडकेपर्यंत गेली, एका मोटारसायकलवाल्याला हात केला आणि मागं बसून निघून गेली. बराच वेळ फेट्याचा शेमला दिसत होता.

दुपार
धनराज येऊन शेजारी बसला. आम्ही दोन्ही नकाशे बॉनेटवर उघडले. त्याच्या नकाशात इथं विहीर आहे. माझ्या मॅपमध्ये इथं काहीच नाही. लग्न लागलं असेल.

उन्हं कलल्यावर
काटा आला. वजन केल्याशिवाय कुठलीच गाडी सोडता येत नाही, असं काट्यावरचा माणूस म्हणाला. माझी गाडी तोलली आणि कन्नडात पावती दिली. माल: इल्ला. म्हणजे आत काही नाही. आत मी बसलो होतो.

संध्याकाळी, निंबर्गा
वेशीतून आत शिरलो तशी बाई म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात. बोळ एका गाडीचा. समोरून फुलं लावलेली गाडी आली. दीपमाला सासरी निघाली होती. तिच्याजवळ पाठराखीण म्हणून शोभा, फेटा अजून डोक्यावर. मुहूर्ताला मामाच्या जागी ती पोचली होती तर.

दीपमालानं काच खाली केली. डोळे रडून सुजले होते. मला बघून हसली.

"मामा, मागं व्हा की जरा."

झालो. धनराजची जीप माझ्या मागं होती, त्यालाही व्हावं लागलं. पार वेशीबाहेरपर्यंत गाडी मागं घेतली. आरशातलं काही नीट दिसत नव्हतं. वेशीचा खांब आधीच वाकडा असावा.