गळक्या हौदाखालचं वेखंड

पेठ,
ता. २४ ऑगस्ट २००३

प्रिय कुशा,

तुला आणि पाहुण्यांना आशीर्वाद, श्रेयाला मोठा पापा. इकडे आम्ही सगळे ठीक. अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालायच्या आत सांगून टाकते: वेखंड आलंय! नुसतं आलं नाही, माजलंय. आज सकाळी मोजले, एकतीस फुटवे!

जनावरांच्या हौदाला चीर गेली आहे. पाणी झिरपून तिथं कायम चिखल असतो, त्यातच लावलं. तुझे दाजी दोनदा सिमेंट कालवून आले, दोनदा मी आडवी आले. म्हणाले, "लोकं गळका हौद बुजवत्यात, आन् तू त्याची राखण करतीस व्हय!" पण परवा पान चुरडून त्यांच्या नाकाशी धरलं, तर म्हणाले, "लई दिसांनी सासूबाईंची आठवण झाली." मला तर दर घटकेला उठून बघावंसं वाटतं. हातांना इतका वास, की काल आमचा आदेश म्हणाला, भाकरीसुद्धा औषधी झाली.

घोडेगावच्या बाजारात डोंगरातून हिरडा विकायला गोजरबाई येतात. त्यांना तीन बाजार भंडावलं, चौथ्या बाजाराला त्यांनी ओल्या फडक्यातून बोटाएवढी मुळी आणून दिली. "बाई, हिला वाफा नको, चिखल पायजे. आन् उगावली म्हून लगीच उपटू नको, दोन पावसाळं जाऊ दे." हा दुसरा पावसाळा.

आदेश दहावीला आहे, अभ्यास सोडून सगळं करतो. कांद्याचं रोप टाकलंय. तुला सातवा लागल्याचं राजुरीहून आलेल्या आपल्या संपतनं सांगितलं. तुझ्याकडून कळलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं, पण तो हक्क मी ठेवलाय कुठं?

खरं म्हणजे हेच लिहायला बसले आणि हौदाभोवतीच फिरत राहिले.

आईनं वेखंड माझ्या दारात लावलं, कारण राजुरीला तुझ्या घराजवळ तेव्हा पाणी नव्हतं. लावताना म्हणाली होती, "दोघींचं हाय." श्रेया तीन महिन्यांची असताना तू गुटीसाठी मागायला आलीस आणि मी उंबऱ्यातच तुला म्हटलं, "आमच्याकडं न्हाई द्यायला." तू चहाही न घेता माघारी फिरलीस. आईची वस्तू मी एकटीनं दाबून ठेवली, असंच तुला वाटलं असणार.

दाबली नव्हती गं. संपवली होती. तू येणार म्हणून त्याच सकाळी मी हौसेनं अख्खा वाफा खणला. निम्मं तुझं, निम्मं माझं करणार होते. लवकर वाळावं म्हणून, आपण हळद उकळतो तसं, मोठ्या कढईत उकळलं! पुन्हा लावायला एक कोंबसुद्धा मागं ठेवला नाही. सहाणेवर उगाळून पाहिलं तर वास, कस सगळा पाण्यात गेलेला, नुसतं लाकूड. मी घरातली मोठी, सगळ्यांना शहाणपण शिकवणारी. धाकट्या बहिणीपुढं हे कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून खोटं बोलले, आणि सहा वर्षं तेच सांभाळत बसले. कुशा, मला फार लाज वाटते.

फोन केला असता, पण तू ठेवून दिला असतास तर पुन्हा लावायची हिंमत झाली नसती. येणाऱ्या बाळाचं वेखंड मी कुणाच्या हाती पाठवणार नाही. तू ये.

तुझी वाट बघणारी, चुकलेली
साळूआक्का


राजुरी,
ता. २ सप्टेंबर २००३

आक्का,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले.

अगं, त्या दिवशी उकळलेल्या वेखंडाचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. ओट्यावर कढई होती, पत्र्यावर तुकडे वाळत होते. मला उंबऱ्यातच सगळं कळलं होतं. वेखंडासाठी मी कधीच रुसले नव्हते. तू तेव्हा रडली असतीस तर मीही बसून रडले असते, मग दोघींनी चहा घेतला असता. तू मला परक्या बाईसारखं वाटेला लावलंस, त्याचा राग होता.

गौरी गेल्या की रविवारी येते. श्रेयाला घेऊन येते. खोटं मीही बोललेय, आक्का. एवढ्या जवळ, पेठला तू असताना मी तिला सांगत आलेय, की तुझी मावशी फार लांब राहते.

तुझीच,
कुशा