दोन बोटं आखूड

॥ श्री ॥
डोंबिवली (पूर्व), १२ मे १९९८

ती. स्व. दादास,
महिपतचा साष्टांग नमस्कार. नंदा आणि मी ठीक. मानपाडा रोडला कारखान्यांचा धूर आहेच. सकाळी वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी पिवळा होऊन घरात येतो, एवढीच तक्रार.

पत्राला कारण कपड्यांचंच आहे. ठाण्याच्या ऑफिसात आम्ही प्रोग्रामर लोक सध्या एकच काम करतोय. एका परदेशी विमा कंपनीच्या प्रोग्राममध्ये साल दोन आकड्यांत लिहिलंय, ते चार आकड्यांत करायचं. नाहीतर दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर समजणार एकोणीसशे साल आलं, आणि सगळी म्हातारी माणसं जन्मायची बाकी राहणार. त्यात आमचे मॅनेजर टिपणीस साहेब एका सेमिनारला जाऊन आले. तिथे त्यांना कुणीतरी पटवलं की नीटनेटका माणूस नीटनेटका प्रोग्राम लिहितो. आता टाय सक्तीचा. भिंतीवर तक्ता लागलाय: नाव, पोशाखाचे दहापैकी मार्क, आणि दिवसभरात लिहिलेल्या ओळी. चांगल्याला हिरवी टाचणी, वाईटाला लाल.

शेजारच्या टेबलावरचा चंदू कळव्याच्या कोळीवाड्यातला. आजवर सपाता घालून यायचा आणि सगळ्यांत जास्त लिहायचा. त्याला पोशाखात दोन मार्क. गळ्यातला टाय बघून त्याची आई मनुबाई म्हणाली म्हणे, की होरीला पन आमी येवढा आवलून बांधत नाय; होरी म्हणजे त्यांची होडी. परवा एसी बंद पडला, सगळ्यांनी टाय काढले आणि त्या दिवशी ओळी दीडपट झाल्या. टिपणीस साहेबांनी तो दिवसच तक्त्यातून बाद केला.

तर मला तीन शर्ट आणि दोन पँटी शिवून धाड. माप नंदाने घेतलंय, सोबत आहे. टायखाली बसेल अशी कॉलर हवी. तुझा भाऊ असून रेडीमेड घालणं मला जमणार नाही.
वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशी असू दे.
तुझा,
महिपत

॥ श्री ॥
महाड, २४ मे १९९८

चि. महिपतास,
देवरामचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून कलावती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. चाळीस वर्षं मी कापड कापतोय. नवरदेवांचे कोट शिवले, पुढाऱ्यांचे कुडते शिवले. कपड्याने कुणाला अक्कल आलेली पाहिली नाही, गेलेली मात्र पुष्कळ वेळा पाहिली. पण साहेबाशी वाद घालू नकोस. शाळेचे युनिफॉर्म शिवून तुला शिकवलं ते भिंतीवर लाल टाचणी लागावी म्हणून नव्हे. कपडे आठ दिवसांत निघतील.

दुसरं असं, की शाळेत डोळ्यांची फुकट तपासणी झाली. मी सहज जाऊन बसलो. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली, की डोळ्यात दाब आहे, लगेच ठाण्याला नाहीतर मुंबईला मोठ्या डॉक्टरला दाखवा. मला ना दुखत, ना खुपत. सुईत दोरा ओवता येतो. कलावती मागे लागली आहे. मी तिला सांगितलं, महिपतचे कपडे होऊ देत. ते अंगावर नीट बसले तर माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, आणि चुकले तर मी स्वतः तुझ्याकडे येऊन दाखवीन. तेव्हा कसे बसले ते कळव.
नंदाला आशीर्वाद. सांभाळून असा.
तुझा,
देवराम

॥ श्री ॥
डोंबिवली, २० जून १९९८

ती. स्व. दादास,
सा. नमस्कार. पार्सल मिळालं. कपडे असे बसलेत की जणू अंगावरच शिवले. टिपणीस साहेबांनी दहापैकी नऊ मार्क दिले आणि सगळ्यांसमोर विचारलं की टेलर कोण. मी छाती काढून सांगितलं. तुझे डोळे घारीचे आहेत दादा, काळजी नको.

इकडे चंदूने नवीन शोध लावलाय. एका ओळीत मावणारी सूचना तो चार ओळींत लिहितो. पोशाखात दोन, ओळींत पहिला. साहेब त्याला रागवावं की शाबासकी द्यावी या पेचात आहेत.
दोघांना नमस्कार. पत्र पाठवत राहा, वाट पाहतो.
तुझा,
महिपत

॥ श्री ॥
महाड, १ जुलै १९९८

चि. महिपतास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दुकानात तीनदा वाचून दाखवलं. नऊ मार्कांची गोष्ट आता बाजारभर झाली आहे. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मी बंबात घातली. कलावती दोन दिवस बोलली नाही, मग तीही विसरली. दिवाळीला आणखी दोन शर्ट पाठवतो. या खेपेला दहा मार्क आण.
घरात सुखाने राहा.
तुझा,
देवराम

॥ श्री ॥
महाड, ३ जानेवारी १९९९

महिपत भावजींस,
कलावतीचा नमस्कार. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे, उत्तर शेजारच्या सगुणाबाईंच्या पत्त्यावर पाठवा.

यांचा डावा खांदा रोज दाराच्या चौकटीला आपटतो. चौकट जुनी आहे, हे म्हणतात तीच पुढे आली. मांजरावर दोनदा पाय पडला. रस्त्याने चालताना डाव्या अंगाने कुणी आलं तर यांना कळत नाही, आणि लोक म्हणतात देवरामशेठ गर्विष्ठ झाले. समोरचं बरोबर दिसतं, म्हणून हे कुणाचं ऐकत नाहीत.

आता माझंही सांगते. पावसाळ्यापासून कपडे चुकतात. यांच्या तोंडावर कुणी बोलत नाही. हौसाबाईंच्या नातवाच्या चड्डीचा एक पाय लांब झाला, तर त्या मागच्या दाराने माझ्याकडे आल्या. हे दुपारी आडवे झाले की मी उसवते आणि पुन्हा शिवते. सहा महिने हेच चाललं आहे. डॉक्टरचं नाव काढलं की हे तुमचं पत्र दाखवतात. उशीखाली ठेवलं आहे.

भावजी, खरं सांगा. ते शर्ट तुम्हाला नीट बसले होते का?
तुमची,
कलावती

॥ श्री ॥
डोंबिवली, ९ जानेवारी १९९९

सौ. वहिनींस,
महिपतचा साष्टांग नमस्कार. नव्हते बसले.

पहिल्याच शर्टाची डावी बाही दोन बोटं आखूड होती. कॉलरचं एक टोक खाली उतरलं होतं. तरी मी तो घालून गेलो. टिपणीस साहेबांनी सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले, पट्टी घेऊन बाह्या मोजल्या, आणि म्हणाले की ज्याच्या दोन बाह्या जुळत नाहीत त्याच्या तारखा काय जुळणार. दहापैकी तीन मार्क, लाल टाचणी. लोक हसले. चंदू हसला नाही. मी कपडे इथल्या उत्तम नावाच्या टेलरकडून दुरुस्त करून घेतले. दिवाळीचे शर्ट त्याहून वाईट होते, तेही त्याच्याकडेच दिले.

दादाला लिहायला हात धजावला नाही. ज्याने मला शिकवलं त्याला त्याचंच काम चुकलं म्हणून कसं सांगू, असं वाटलं. त्याचं मन राखायला खोटं लिहिलं. चिठ्ठी बंबात घातल्याचं त्याने कळवलं तेव्हाही खरं लिहिलं नाही. मी पुढच्या रविवारी येतो. दादाला काय सांगून आणायचं ते तिथे ठरवू.
महिपत

॥ श्री ॥
डोंबिवली, २ फेब्रुवारी १९९९

सौ. वहिनींस,
सा. नमस्कार. काल दादाचं ऑपरेशन झालं. जीवाला काही नाही, हे आधी सांगतो.

त्याला काचबिंदू आहे. तो दुखत नाही, कडेकडेने नजर खात आत येतो. डावा डोळा गेला. उजव्याला कुलपाच्या भोकातून दिसावं एवढं उरलंय. ऑपरेशनने गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकलं तर टिकेल. डॉक्टरांनी विचारलं की आधी कुणी सांगितलं नव्हतं का. दादा म्हणाला, उन्हाळ्यात चिठ्ठी मिळाली होती. ते म्हणाले की तेव्हाच आला असतात तर डावाही पुष्कळ वाचला असता. मी शेजारीच उभा होतो. दादा माझ्याकडे वळला नाही, कारण मी त्याच्या डाव्या बाजूला होतो.

तोवर त्याला शर्टांचं ठाऊक नव्हतं. आज दुपारी घरी आणलं. नंदाने कपडे दोरीवर टाकले होते. चाचपडत जाताना त्याच्या हातात माझी बाही आली. त्याने कफावरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं, आणि विचारलं की हा टाका कुणाचा. मी सांगितलं, उत्तम टेलरचा. किती आखूड होती, म्हणाला. मी म्हटलं, दोन बोटं. तो खाटेवर जाऊन बसला. थेंब घालायला गेलो की मान वर करतो, एवढंच. तुम्ही लवकर या.
महिपत

॥ श्री ॥
महाड, २८ फेब्रुवारी १९९९

चि. महिपतास,
देवरामचे आशीर्वाद. मी सांगतोय, कलावती लिहिते आहे.

घरी सुखरूप पोचलो. थेंब वेळेवर चालू आहेत. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून एकेका गिऱ्हाइकाला खरं विचारलं. हौसाबाई रडायलाच लागल्या. कलावतीने दुपारच्या उसवण्याचं कबूल केलं. म्हणजे सहा महिने मी शिवत होतो आणि अख्खा गाव माझ्यामागे उसवत होता. आता कापणं बंद. कलावती कापते, मी मशीनवर सरळ शिलाई मारतो. पायांना आणि बोटांना अजून सगळं येतं.

तुझं पत्र पोचलं, की साहेबांनी तुला टीमचा प्रमुख केलं. पूर्वीचा मी असतो तर दुकानात वाचून दाखवलं असतं. या वेळी दोनदा वाचून घेतलं आणि बाजूला ठेवलं. तुझ्या चांगल्या बातमीचं काय करायचं ते मला आता कळत नाही. डोळ्यापेक्षा हे वाईट झालं, महिपत. मला काय सोसेल आणि काय नाही हे तू ठरवलंस. तू सहा वर्षांचा होतास तेव्हा आई गेल्याचं मी तुला त्याच सकाळी सांगितलं होतं. लपवलं नव्हतं.

आणखी काही खोटं शिल्लक असेल तर आता लिही. नसेल तर नाही म्हणून लिही.
देवराम

॥ श्री ॥
डोंबिवली, ९ मार्च १९९९

ती. स्व. दादास,
साष्टांग नमस्कार. आहे.

मला प्रमुख केलेलं नाही. कामावरून काढलंय, पंधरा फेब्रुवारीला. तुझ्या दवाखान्याचे चौदा दिवस तक्त्यावर माझ्या नावापुढे शून्य आणि लाल टाचण्या होत्या. टिपणीस साहेब नम्रपणे बोलले, पाणीही विचारलं. नंदाला मी आठ दिवस सांगितलं नव्हतं. सकाळी टाय बांधून घरातून निघायचो आणि कळव्याला खाडीच्या कडेला जाऊन बसायचो. मनुबाईंनी मला पाहिलं. काही विचारलं नाही, जवळ्याची मासळी वाळत घालायला हात लाव म्हणाल्या. दोन दिवस मी टाय खिशात घालून तेच केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बजावलं, की बायकोला सांगून ये, नायतर येव नको. मग सांगितलं.

चंदूकडून कळलं, की परदेशी विमा कंपनीची माणसं काम बघायला आली ती अर्ध्या चड्डीत आणि गोल गळ्याच्या बनियनसारख्या शर्टात. साहेब दारात टाय लावून हार घेऊन उभे. त्यांना ती माणसं ड्रायव्हर वाटली, म्हणून हार गाडीतल्या कुणाला घालायचा ते शोधत राहिले. आता तक्त्यातून पोशाखाचा रकाना काढलाय. माझं नाव अजून आहे, काढायला कुणाला वेळ झाला नाही.

आणि शेवटचं. तुझं मन राखायला खोटं लिहिलं, असं मी वहिनींना सांगितलं. ते अर्धंच खरं. ऑफिसात हसं झालं त्याचा मला तुझ्यावर राग आला होता. पार्सल परत पाठवा, तुला समजवा, मग ठाण्याला दवाखान्यात फेऱ्या घाला, हे सगळं नको वाटलं. बरं बसलंय असं लिहिणं सोपं होतं. चिठ्ठीचं मला माहीत होतं. तरी लिहिलं.

याहून आता काही उरलेलं नाही. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.
महिपत

महाड, १७ मार्च १९९९ (कार्ड)

महिपत,
पट्टी धरून स्वतः लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, लावून वाच. कलावतीला कार्ड दाखवलेलं नाही.
तुझं पत्र तिने वाचलं. शेवटचा भाग तिला वाचवेना, तो मी सगुणाबाईंकडून वाचून घेतला. या खेपेला सगळं खरं लिहिलंस हे ऐकताना कळत होतं.
इथे कचेरीसमोर कॉम्प्युटरचा क्लास निघालाय, शिकवायला माणूस मिळत नाही म्हणतात. मी जाऊन बोलून आलो. नंदाला घेऊन रामनवमीला ये.
राग गेलेला नाही. जाईल असंही लिहीत नाही. तरी ये.
देवराम