बाराव्या पिक्चरचं पाकीट

३ सप्टेंबर २०२४
वरच्या खोलीतल्या सान्यालबाबूंनी आज मले एक बंद पाकीट दिलं! त्यांच्या बाराव्या पिक्चरचा शेवट म्हणे. हा माणूस शेवट आधी लिहिते, बाकीचं मग. ते पान पाकिटात घालून कोणाजवळ तरी ठेवते, शूटिंगच्या अखेरच्या दिवशीच उघडायचं. नट-नट्यांलेही पत्ता नाही! अकरा पिक्चर असेच काढले. पहिलं पाकीट ओडिया स्वयंपाक्यानं सांभाळलं, मागचं सरदार ड्रायव्हरनं.

"मलेच काहून?"

"प्रेमलाजी, आपको बांग्ला पढ़ना नहीं आता, इसीलिए तो!"

मोठे आले! गव्हाच्या कोठीत ठेवलं.

१९ सप्टेंबर
दूधवाल्याशी भांडून राहिली होती. बाबू जिन्यात उभे राहून माझं बोलणं वहीत टिपून घेऊन राहिले. दोन वर्षांपासून भाड्यानं आहेत, तेव्हापासूनचा हा धंदा. "'मुकाट्यानं' मतलब?" म्हटलं, तुमच्या कामाचं नाही ते. हसले. हसले की अडुसष्ट वर्षांचे वाटतच नाहीत.

११ ऑक्टोबर
बाबूंसोबत बंगाली लोकांच्या कालीबाडीत दुर्गापूजेले गेली. एक बाई त्यांच्या पाया पडली. म्हणे, तुमचा नावाड्याचा पिक्चर सात वेळा पाहिला. बाबू लाजले! सात वर्षांत कोणी काम दिलं नाही, तरी रोज नऊच्या ठोक्याले लिहायले बसतात. मले लई कौतुक वाटते त्याचं.

स्टॉलवरून गुपचूप लहान पोट्ट्यांचं बंगाली अक्षरांचं पुस्तक घेतलं. त्यांचे पिक्चर समजावे म्हणून — खोटं कशाले लिहू, पाकिटासाठीच!

२ डिसेंबर
बाबूंच्या दारावरची बंगाली पाटी वाचली! सून म्हणते, "मम्मी, इस उमर में?" हव, याच वयात.

१४ जानेवारी २०२५
तिळगूळ दिला. मग कोठीतून पाकीट काढलं, उजेडात धरलं. परत ठेवलं. शब्द दिला आहे ना.

६ फेब्रुवारी
एका निर्मात्यावर बाबूंची आस होती, त्यानंही काल फोनवर साफ नाही म्हटलं. पिक्चर बंद! बाबू कालपासून जेवले नाहीत. वरण-भात घेऊन वर गेली. "अब यहाँ किसलिए रहूँ?" म्हणाले. शनिवारी लेकीकडे कोलकात्याले चालले. कायमचे. पाकीट जाळून टाका म्हणे.

काहून जाता, हे तोंडाशी आलं होतं. नाही विचारलं. विधवा बाईनं भाडेकऱ्याले काय विचारावं? खाली येऊन रडली.

८ फेब्रुवारी
जाळायच्या आधी फोडलं. बंगाली नाहीच! मराठी — पहिलीतल्या पोरासारखी वाकडी अक्षरं.

"शेवटचा सीन. जिना. म्हातारा बॅग घेऊन उतरते. बाई विचारते, काहून चालले? म्हातारा बॅग खाली ठेवते."

वर कुलूप लावल्याचा आवाज आला. चालली मी जिन्यात.