अंधारातल्या प्लेट्स

४ मार्च
परत तेच! फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवलेल्या बुरशीच्या प्लेट्ससुद्धा कोऱ्या, एक ठिपका उगवला नाही. निळा रंग घालून लाल दिवा मारला की बुरशी मरायला हवी. तोच रंग घालून अंधारात ठेवली तर जगायला हवी. माझ्याकडे ती मेली दोन्हीकडे मरते. लॅबचे सर म्हणाले, म्हणजे तुमचा रंगच विषारी, त्यात दिव्याचं काय कौतुक? आणि विषारी रंग माणसाच्या तोंडात कोण लावू देणार? बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच जास्त डोकं फिरलं.

५ मार्च
आईचं रेडिएशन संपून दोन महिने झाले, तोंडातली पांढरी बुरशी हटायचं नाव घेत नाही. तिसरं औषधही वाया. माझ्या प्लेट्सवर तिच्याच तोंडातली बुरशी आहे, डॉक्टरांनीच नमुना दिला. अर्धी वाटी गार दूध गिळायला तिला आज पाऊण तास लागला.

“बघत बसू नकोस, घशात अडकतं,” म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

डॉक्टर म्हणतात, निकाल पक्के द्या, मग रुग्णांवरच्या चाचणीसाठी परवानगी देणाऱ्या समितीकडे अर्ज करू. पक्के कुठून आणू?

८ मार्च
रंग निम्मा केला. अंधारातल्या प्लेट्स तरीही कोऱ्याच.

९ मार्च
लिहायचीसुद्धा इच्छा नाही.

११ मार्च
मूर्ख, मूर्ख, मूर्ख मी!

शेजारच्या टेबलावरचा गप्पिष्ट — एरवी त्याच्या बडबडीने वीट येतो — सहज विचारत होता, अंधारातल्या प्लेट्स तू नेहमी शेवटी का करतेस? म्हटलं, त्यांना दिवा मारायचा नसतो, सोप्या असतात. सोप्या! बाकीच्या होईपर्यंत त्यांच्यावर ओतायची रंग घातलेली बुरशी काचेच्या नळ्यांत तासभर ट्यूबलाइटखाली पडून असते. रंगाला तेवढा उजेड पुरतो. बुरशीचं काम तमाम झाल्यावर मी तिला फॉइल गुंडाळते. चार महिने हेच करत होते.

१५ मार्च
परवा पडदे ओढले, ट्यूबलाइट बंद केली, कोपऱ्यातल्या मिणमिणत्या दिव्यावर काम केलं. आज अंधारातल्या प्लेट्स गच्च भरल्यात. दिवा मारलेल्यांवर मोजून नऊ ठिपके! सरांपुढे नेऊन ठेवल्या. तीनदा करून आणा म्हणाले. माणूस आहे की दगड!

२४ मार्च
तिन्ही वेळा तेच आलं. अर्ज गेला. सरांनी त्यावर स्वतःच्या नावाखाली संशोधक म्हणून माझंही नाव घातलं. आईला सांगितलं.

“दुखतं का गं ते?”

म्हटलं, नाही, जीभ तेवढी निळी होते. हसली. ओठ फाटून रक्त आलं, तरी हसतच होती.

९ एप्रिल
समितीची बैठक पुढे ढकलली. एक सदस्य रजेवर! आई अडतीस किलोवर आलीय. तिचं वजन कोणाच्या रजेसाठी थांबत नाही. डॉक्टरांवर उगाच ओरडले, मग माफी मागितली.

१७ एप्रिल
मंजुरी आली. सातव्या कलमात अट आहे — संशोधकांच्या घरच्या कोणालाही चाचणीत घेता येणार नाही. चार वेळा वाचलं. सरांनीही वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

१८ एप्रिल
सकाळी चाचणीच्या संशोधकपदाचा राजीनामा दिला. सरांनी सही केली, आईचं पूर्ण नाव विचारलं आणि रुग्णांच्या यादीत पहिलं लिहून घेतलं.