सोमवार-गुरुवारची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा गाडी मेली. किल्ली फिरवली की नुसतं टकटक. सासूबाई मागच्या सीटवर तयार होऊन बसलेल्या, डायलिसिसची पिशवी मांडीवर. त्यांना तर निमित्तच हवं असतं. म्हणे, "र्‍हाऊ दे गो आज. गाडीलापन नको वाटते." मागे एक वार चुकवला तेव्हा छातीत पाणी भरलं होतं, मी विसरलेले नाही. जाळी शिवत बसलेल्यांना हाक मारली, त्यांनी ढकलली. बोईसरला उशिरा पोचलो. सिस्टर बोलली, पुढच्या वेळी असं झालं तर मशीन दुसऱ्याला देऊ. सुभाष कालच बोट घेऊन गेला. नवरा समुद्रावर की दहा-बारा दिवस सगळं माझ्याच गळ्यात.

४ नोव्हें., मंगळ
कामावरून हाफ डे. मेकॅनिक म्हणाला बॅटरी बदला, बदलली. इंजिनातून घरघर येते तीही ऐकवली. "वो अलग बीमारी है मॅडम. अभी चलाओ." चलाओ म्हणे. नवापूर रोडला मध्येच बंद पडली तर ह्याच्या बापाला हाक मारू?

६ नोव्हें., गुरु
पहिल्या झटक्यात चालू. हुश्श. पण घरघर वाढलीय, पिठाची गिरणी घेऊन चालल्यासारखी. एमआयडीसीतला तो घाण वास सहन करत काच खाली ठेवली, आवाज कुठून येतो ते ऐकायला. काही कळलं नाही, डोकं मात्र उठलं. परतताना सासूबाईंना उलटी. रिक्षात झाली असती तर? म्हणून गाडीच पाहिजे, कितीही म्हातारी असो.

८ शनि
नवी बॅटरीही उतरली! सहज चालू करून बघितली तर ठार. रडूच आलं. मेकॅनिक फोनवर विचारतो, गाडी उभी असताना काही चालू ठेवता का. देवाशप्पथ नाही, म्हटलं. लाइट, टेप, सगळं मी दोनदोनदा बघते. बॅटरी चार्जिंगला टाकली.

९ रवि
बॅटरी बसवताना सापडलं. सीटखाली टॉवेलात गुंडाळलेला, जुन्या बोटीवरचा वायरलेस. तार थेट बॅटरीकडे, जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली. गाठ सासऱ्यांचीच, दुसऱ्या कुणाची असणार. गाडीशेजारच्या माडाला एरियलही त्यांनीच बांधलीय, आणि मी शहाणी तिच्या वायरवर कपडे वाळत घालत होते. घरच्या विजेवर तो सेट चालत नाही, त्याला बॅटरीच लागते. म्हणून संध्याकाळी गाडीत जाऊन बसायचे! मला वाटायचं, गार वाटतं म्हणून.

नको ते बोलले. बाबा, बायकोचा जीव मोठा की तुमचा तो डबा, असंसुद्धा. ते हळूच म्हणाले, "पोरगा पान्यावर असताना वायरलेस बंद करत नाय."

बोटीवर तसंच असतं, खरं आहे. पण तिथे इंजिन दिवसभर चालून बॅटरी भरत राहतं. ही गाडी आठवड्यात दोनदा हलते. जन्म बोटीवर गेलेल्या माणसाला ते सुचलंच नाही. तार त्यांनी स्वतःच सोडली. जेवले नाहीत.

१० सोम
डायलिसिस वेळेवर झालं. मेकॅनिकने इंजिनाला कान लावला. अल्टरनेटरचं बेअरिंग जायला आलंय, म्हणून बॅटरी नीट भरतच नाही. पार्ट पालघरहून शुक्रवारी येणार. आणि गुरुवारचं काय? "निकल जायेगा शायद. लेकिन बैटरी बैठी तो धक्के से भी नहीं उठेगी." शायद! आधीची बॅटरी बिचारी निर्दोष होती. तीच परत मागितली, बाबांच्या सेटला झाली असती. भंगारात गेली म्हणे.
बाबा ओट्यावर बसून. बोलत नाहीत. मीही नाही. चूक त्यांची, मग मलाच का कसंतरी होतंय.

१२ बुध, संध्याकाळ
दुपारपासून वारा सुटलाय. गावच्या बाकी बोटी परत आल्या, दोन सातपाटी बंदराला लागल्या. आपली नाही. सुभाषचा मोबाइल लागत नाही. आलेल्या बोटी खाडीत आत नेल्यात, भरती आहे, त्यांच्या वायरलेसपर्यंत पोचता येत नाही. शेवटी मीच बाबांना म्हटलं, सेट लावा.
"उद्या गुरुवार हाय," ते म्हणाले.
"माहितेय. लावा."

बॅटरी भरेल म्हणून इंजिन चालू ठेवलं. तर ती मेली घरघर, वायरलेसवरचं एक अक्षर ऐकू येईना. इंजिन बंद करावं लागलं. आता पुढच्या सीटवर बसूनच लिहितेय, हाताला काहीतरी हवं म्हणून. सासूबाई आल्या, मागे बसल्या. उद्याचं एका शब्दाने बोलल्या नाहीत.

खरखरीत मध्येच कुणीतरी काहीतरी बोललं. बाबा म्हणाले, सुभाषच. मला आवाज ओळखता आला नाही. बाबा हाका मारतायत, पलीकडून नुसती खरखर.

सेटचा दिवा मंद व्हायला लागलाय. आता बंद केला तर उद्या गाडी उठेल कदाचित. मला दोघंही दिसतायत, बाबा शेजारी, सासूबाई आरशात. बंद करा, एवढंच म्हणायचंय. तोंडातून निघत नाही.